वाहत्या पाण्याला विटाळ नाही?

येरवड्याच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात मी बारा महिने फिरायला जाते. अभयारण्य हे नाव भारदस्त. आहे ते मुळा-मुठेच्या काठची झाडी आणि मधून जाणारी पायवाट. पावसाळ्यात चपला चिखलात रुततात, उन्हाळ्यात नाकाला पदर लावावा लागतो. मजा थंडीत. चक्रवाक येतात, थापट्या येतात आणि त्यांच्यामागे हातभर लांब कॅमेरे घेतलेली मंडळी येतात. हळदी-कुंकू बदक मात्र वर्षभर इथलंच. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके. हे नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत.

नदीला मात्र माझे हात जोडले जात नाहीत. सासूबाईंचे जोडले जायचे. बंडगार्डनच्या पुलावरून रिक्षा निघाली की त्या एका हाताने नाक दाबायच्या आणि दुसरा कपाळाला लावायच्या. मला हसू यायचं. “अगं, वाहत्या पाण्याला विटाळ नसतो,” त्या म्हणायच्या.

त्यांचं बोलणं शास्त्राला धरून होतं. नदी वेगाने शुद्ध होते, असं मनुस्मृतीतच आहे. पण वेग उरलाय कुठे? मुठेचा तरी आम्ही टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासल्याला अडवला, नळाने घरी आणला आणि मोरीतून परत नदीत सोडला. म्हणजे ज्या वचनावर सासूबाई निर्धास्त होत्या, त्याच वचनाने ही नदी अशुद्ध ठरते.

शेकाट्यांना त्याचं काही नाही. लांब गुलाबी पाय टाकत ते त्याच काळ्या पाण्यातले किडे टिपतात. ते बघून ‘शुद्ध-अशुद्ध सगळं मनाचे खेळ’ असं म्हणायचा मोह होतो. सोबत फिरणारे एक निवृत्त गृहस्थ तसं म्हणतातही. मला पटत नाही. शेकाट्यांनी पाण्यात काही सोडलेलं नाही. सोडलंय आपण, तेव्हा विटाळाचा प्रश्नही आपलाच.

शिवाय हे पाणी इथे थांबत नाही. रांजणगाव सांडसला ते भीमेला मिळतं, उजनीत साठतं आणि पंढरपुरात चंद्रभागा होतं. सासूबाई वारीला पायी जायच्या. मी कधीच गेले नाही. माझ्या मोरीचं पाणी रोज जातं.

यंदा आषाढीला जाऊबाईंनी चंद्रभागेचं तीर्थ आणलं. बाटली देवघरात ठेवली आहे. घरात अजून कुणी ते तोंडात घेतलेलं नाही.