केसाएवढं ओझं

अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर. मुक्काम एका रात्रीचा, आजारी मित्राला भेटायला. तरी आम्ही खोबरेल, शाम्पू, कलप, कंगवा, आरसा असा डोक्याचा सगळा संसार पिशवीत भरला. डोक्यावरची शिल्लक म्हणाल, तर खातं बंद व्हायच्या बेतात! सौ. म्हणाल्या, "काहाले नेऊन राहिले इतकं? शाम्पूची एक पुडी न्या नं!" ऐकतो कोण?

मूर्तिजापूर येईतो तेल सांडून सदऱ्यालाच मालिश झालं. याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढलेले गाडगेबाबा १९५६ साली जाईपर्यंत एक खराटा नि एक गाडगं घेऊन महाराष्ट्रभर हिंडले. आम्हाला अकोल्याला जायला पाच नग!

मित्राचे केस औषधांनी गेलेले. डोक्यावरून हात फिरवत तो हसला, "बरं झालं आला गड्या. कंगवा मात्र माह्याकडं नाही!"

नीटनेटकं राहणं पाप नव्हे, मान्य. पण मी त्याला बघायला निघालो होतो, की स्वतःला दाखवायला? पिशवीत वजन होतं ते लोकांच्या नजरेच्या धाकाचं. परतताना कंगवा तेवढा खिशात ठेवला. कलप बुडीत खाती टाकला.