परतीचा किनारा

सह्याद्री ओलांडल्याखेरीज आपणा मराठवाड्यातील लोकांना समुद्राचे दर्शन होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांचा सागर म्हणजे पैठणचा नाथसागर. त्याची पातळी खालावली की घरोघरी चिंता सुरू होते. अशा मुलखातील माणसांनी एकाकी समुद्रप्रवासाचा विचार कशासाठी करावा, असे कोणी विचारील. पण शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास ज्यांनी घेतला ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातील विंचुर्णी या गावी, समुद्रापासून दूरच राहत होते. समुद्राने उभे केलेले काही प्रश्न किनाऱ्यापाशी थांबत नाहीत. ते घाट चढून आपल्या उंबरठ्यापर्यंत येतात.

आवटींचा हा ध्यास प्रथम पुरा केला तो कमांडर दिलीप दोंदे यांनी. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. पुढे अभिलाष टॉमी या नौदल अधिकाऱ्याने त्याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघालेले टॉमी ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस पोहोचले. तो पुनरुत्थानाचा रविवार होता.

अशा प्रदक्षिणेत किमान २१,६०० सागरी मैल अंतर तोडावे लागते, विषुववृत्त ओलांडून पुन्हा माघारी यावे लागते, आणि शेवट आरंभाच्याच बंदरात व्हावा लागतो. म्हणजे एवढे कष्ट उपसून माणूस पोहोचतो कोठे, तर निघाला तेथेच! घाण्याचा बैलही दिवसभर चालतो आणि जेथल्या तेथे राहतो. मग बैलाची फेरी आणि माणसाची परिक्रमा यांत अंतर कोणते?

अंतर शब्दाचे आहे. बैलाने कोणाला वचन दिलेले नसते. परिक्रमा करणारा मात्र शब्द देऊन निघतो, आणि एकट्याने निघालेला तर आपल्या शब्दपालनाचा स्वतःच एकमेव साक्षी असतो. भर समुद्रात त्याची नोंदवही तपासणारा कोणी नसतो. म्हणून प्रवास पूर्ण होणे ही केवळ भूगोलाची गोष्ट राहत नाही. ती सदसद्विवेकबुद्धीची गोष्ट होते.

१९६८ साली इंग्लंडमध्ये एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले. पूर्ण केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहेली’ या नौकेतून ते ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. फ्रेंच नाविक बर्नार म्वातेसिये सर्वांत अवघड टप्पा ओलांडून आले होते; परंतु परतीच्या वाटेवर त्यांनी शर्यत सोडली आणि फ्रान्समध्ये वाट पाहणाऱ्या पत्नीकडे न जाता ताहितीकडे नौका वळवली. एकांताची ओढ आपणास अपरिचित नाही. संत अंतोनी वाळवंटात राहिला. पण छळाच्या काळात तोच अलेक्झांड्रियास येऊन तुरुंगातल्या बांधवांची सेवा करीत होता. जो एकांत आपली वाट पाहणाऱ्यांना विसरावयास लावतो, त्याच्याविषयी मनात शंका उरतेच.

तिसरी कथा डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची. नौका सदोष, माघार घ्यावी तर आर्थिक सर्वनाश, घरी पत्नी आणि चार मुले. या कोंडीत त्यांनी आपण पृथ्वीला वळसा घालीत असल्याचे खोटे संदेश धाडले आणि प्रत्यक्षात अटलांटिकमध्येच घुटमळत राहिले. परतण्याची वेळ जवळ आली तशी नोंदवह्या तपासल्या जाण्याची वेळही जवळ आली. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका निर्मनुष्य सापडली. तिच्यात त्यांच्या खऱ्या मार्गाच्या नोंदीही होत्या. साऱ्या जगाला फसवू पाहणाऱ्या माणसालाही सत्य कोठेतरी लिहून ठेवावेसे वाटले! त्यांचा न्याय आपण करू नये. नॉक्स-जॉन्स्टन यांनीही तो केला नाही. आपले ५,००० पौंडांचे पारितोषिक त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबास देऊन टाकले.

मग अपूर्ण राहिलेला प्रवास लाजिरवाणा असतो काय? सप्टेंबर २०१८ मध्ये त्या पहिल्या शर्यतीच्या स्मरणार्थ भरलेल्या स्पर्धेत, दक्षिण हिंदी महासागरातील वादळात टॉमी यांच्या नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. त्यांनी मदत मागितली. एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. प्रवास अपुरा राहिला, पण नोंदवही खरी राहिली. म्हणूनच ते पुन्हा निघू शकले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी त्याच स्पर्धेत दुसरे आले. खरेपणाने थांबलेल्या माणसाला पुन्हा आरंभ करता येतो. खोटेपणाने पुढे गेलेल्याला मात्र परतीचा किनाराच भयंकर वाटू लागतो.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांच्या परिक्रमा याहून लहान नाहीत. पन्नास वर्षांचा संसार त्याच चार भिंतींत संपतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे सेवा करणारी सून नकाशावर तसूभरही पुढे सरकत नाही. मृगाला पेरणी करणारा शेतकरी फिरून मृगापाशीच येतो. त्यांच्या स्वागताला बंदरात कोणी वाद्ये वाजवीत नाही, आणि त्यांच्या कष्टांचे साक्षी बहुधा ते स्वतःच असतात. कर्जात बुडालेला पिता घरी सारे ठीक असल्याचे सांगत राहतो, नापास झालेला मुलगा वसतिगृहातून उत्तीर्ण झाल्याचे कळवतो. त्यांनाही कोणीतरी सांगावयास हवे की मदतीची हाक देणे म्हणजे हरणे नव्हे. आणि आपण किनाऱ्यावरच्यांनी असे असावे, की माघारी येणाऱ्याला आपल्या चेहऱ्यांची भीती वाटू नये.

प्रत्येकाच्या नोंदवहीचे शेवटचे पान एके दिवशी उघडले जाणार आहे. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आजचे पान आपण स्वतः एकदा वाचावे.