पंपावरची तारीख

तासगावची मुलगी सांगलीच्या घरात दिली तेव्हा रुखवतात सगळं मांडलं होतं. भांडी होती, विणलेले रुमाल होते, बेदाण्यांचा शिवाजी महाराजांचा किल्लाही होता. एक वस्तू मात्र तिच्या आईनं साड्यांच्या घड्यांत खोल दडवली होती, ती म्हणजे तिचा निळा पंप.

पाठवणीच्या आधी वडिलांनी मुलीला बाजूला घेतलं. "दम्याचं तिकडं काही बोलू नकोस. नवीन माणसं आहेत. लागलाच तर गुपचूप घे, आणि होईल तेवढा टाळच. सवय लागते त्याची." वडील मनानं वाईट नव्हते. मुलीला दमा आहे हे कळल्यावर आधीची दोन स्थळं बोलणी अर्धवट टाकून गेली होती. लहानपणी गावात बेदाण्याला गंधकाची धुरी सुरू झाली की या पोरीची छाती भरून यायची आणि रात्ररात्र तेच तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचे. ज्यानं इतकी काळजी घेतली, त्यानंच लपवायला सांगितलं. आपल्याकडे हे असंच होतं. आजाराची भीती एकवेळ सोसता येते, लोक काय म्हणतील ही भीती मात्र माणसाकडून भलतंच करून घेते.

सासरचं घर चांगलं होतं. नवरा हळदीच्या अडतीवर वजनकाट्याच्या कामाला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा शर्टाच्या घड्यांत, भुवयांवर, अगदी कानाच्या पाळीवरसुद्धा पिवळी धूळ बसलेली असायची. सासूबाई शिस्तीच्या. त्यांचा सगळा कारभार स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर चाले. दुधाचे खाडे, कामवालीचे खाडे, भिशीची तारीख, आणि गॅसचा नवा सिलिंडर लावला की त्या दिवसाच्या चौकोनात निळ्या पेनानं 'गॅस' एवढं एकाच शब्दाचं टिपण. सिलिंडर किती दिवस गेला हे त्यांना तोंडपाठ असायचं. चार दिवस आधी संपला की त्या लगेच साबणाचं पाणी घेऊन नळी तपासायला बसत.

सुनेनं पंप ट्रंकेत, पैठणीखाली ठेवला. लागला की तो पदराआड घेऊन न्हाणीघरात जायची, नळ मोठा सोडायची म्हणजे आवाज बाहेर येणार नाही, आणि घाईघाईनं दोन वेळा दाबायची. पंप हलवायला वेळ नसे. आधी श्वास बाहेर सोडणं नाही, नंतर रोखून धरणं नाही. पहिला फवारा जिभेवर, दुसरा टाळूवर. तोंड कडवट व्हायचं, थोडंसं बरं वाटायचं, हात थरथरायचे, की नळ बंद करून ती पोळ्या लाटायला हजर.

त्या निळ्या पंपात असतं साल्ब्युटामोल. दम्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हे औषध ते सैल करतं, पाचेक मिनिटांत वाट मोकळी होते आणि चार ते सहा तास गुण राहतो. संकटात ते फार उपयोगी पडतं. १९६९ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णांच्या हाती आलं आणि तेव्हापासून असंख्य जीव त्यानं वाचवले आहेत. पण श्वासनळीच्या आतल्या अस्तराला जी सूज असते, आणि दम्याचं मूळ तिथंच असतं, त्या सुजेला हे औषध हातही लावत नाही. धाप थांबते आणि सूज वाढत राहते. माणसाला वाटतं, बरं झालं.

तिलाही तसंच वाटत होतं. आधी अधूनमधून, मग रोज, आणि मिरचीच्या फोडणीचे, नवऱ्याच्या कपड्यांवरच्या हळदीचे, नवरात्रातल्या धुपाचे दिवस आले तसा दिवसातून कितीदा तरी पंप लागू लागला. पहाटे तीनला शिट्टी वाजल्यासारखा श्वास ऐकून नवरा जागा व्हायचा, तर म्हणायची, "सर्दी आहे हो." पंपाचा डबा संपला की भाजी आणायला जाताना नवा घेऊन यायची. दुकानात कुणी चिठ्ठी मागितली नाही, किती दिवसांत संपला असंही विचारलं नाही. रिकामे डबे कचऱ्यात टाकले तर कुणाला दिसतील, म्हणून तेही ट्रंकेतच.

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा ठरला. सासूबाई खाली, सून स्टुलावर. तांब्याचा हंडा खाली आला, पुरणयंत्र आलं, आणि मग जुनी कापसाची गादी ओढली तशी वर्षभराची धूळ एकदम तिच्या तोंडावर आली. ती खाली उतरली ती भिंत धरूनच. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

"काय गं? काय होतंय?"

"आई... ट्रं... ट्रंकेत..."

एका श्वासात एक शब्दही पुरता येत नव्हता. सासूबाईंनी धावत जाऊन ट्रंक उपसली, पंप सापडला, आणून हातात दिला. तिनं दाबला. फुस्स आवाज आला, पांढरा फवाराही दिसला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. गुण मात्र काडीचाही नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथंच अनेकांचा घात होतो. डब्यात औषधाबरोबर ते बाहेर ढकलणारा वायू असतो. औषधाचे मोजलेले फवारे, बहुतेक डब्यांत २००, संपले तरी तो वायू थोडा उरतो. डबा हलवला तर आत काहीतरी खळखळतं, दाबला तर फवारा उडतो, पण त्यात पुरेसं औषध नसतं. काही पंपांवर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. तिच्या पंपावर तो नव्हता. डबा पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जी जुनी रीत आहे, तिच्यावरही विसंबता येत नाही.

सासूबाईंनी तिला पलंगावर आडवं करायला घेतलं, तेवढ्यात समोरच्या घरातल्या सिस्टर आल्या. मिरजेला इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या बाई. आवाज ऐकून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आडवी करू नका! बसवा तिला. पुढं झुकू दे. पाणी नको आत्ता." नातवाला पिटाळून त्याचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंप बसवायची ती प्लॅस्टिकची नळकांडी, मागवली. पंप चांगला हलवला, स्पेसर तिच्या ओठांत नीट बसवला आणि एकच फवारा सोडला. "हळू घे श्वास. आत, बाहेर. चार वेळा. घाई नाही." मग पंप पुन्हा हलवून दुसरा फवारा. असे एकेक करून चार. मग घड्याळाकडे बघत चार मिनिटं थांबल्या. पहिला फवारा देतानाच त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं, "१०८ लावा. शब्द तुटतायत म्हणजे वाट बघायची नाही." गाडी येईपर्यंत पुन्हा चार झाले. ओठांचा निळसरपणा थोडा उतरला. एक पूर्ण वाक्य मात्र तिला इस्पितळात प्राणवायू आणि नेब्युलायझर लागल्यावरच बोलता आलं.

रात्री नवरा तिथं थांबला आणि सासूबाई घरी आल्या. ट्रंक तशीच उघडी होती. त्यांनी साड्या घडी करायला घेतल्या तसे डबे निघू लागले. एक, दोन, तीन. जमिनीवर ओळीनं मांडले तर सात. लग्नाला महिनेही सातच झाले होते.

दुसऱ्या दिवशी पदरात ते सात डबे बांधून त्या डॉक्टरांसमोर बसल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला धीराच्या. त्यांनी सुनेला विचारलं, "पंप किती लागतो?" ती खाली बघून म्हणाली, "कधीतरी." सासूबाईंनी पदर सोडला. डबे टेबलावर घरंगळले.

"डॉक्टर, हे सात महिन्यांतले आहेत. एका डब्यात किती असतात?"

"दोनशे फवारे."

सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे दिवसाला सहा-सात. आणि किती लागायला हवेत?"

"दमा ताब्यात असेल तर आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागू नये. दोन वेळा, दोन-दोन फवारे धरले तर हा एक डबा जवळजवळ वर्षभर पुरेल."

"मग याला गळती म्हणायची," सासूबाई म्हणाल्या. "सिलिंडर असा संपला असता तर मी आधी नळी बघितली असती. नवीन आणून लावत बसले नसते."

डॉक्टरीणबाई दोन क्षण गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मी हे इतकं सोपं करून कधी सांगितलं नव्हतं." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. दम्याच्या उपचाराची दिशा जगभरासाठी ठरवणाऱ्या 'गिना' या संस्थेनं २०१९ मध्येच स्पष्ट केलं, की मोठ्या माणसाला नुसता निळा पंप देऊन भागवू नये, सुजेवरचं औषध त्याच्या जोडीला हवंच. वर्षात तीन किंवा त्याहून जास्त डबे संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. बारा किंवा त्याहून जास्त संपत असतील तर जिवाचाच धोका वाढलेला असतो.

"सुजेवरचं म्हणजे स्टेरॉइड ना?" नवरा चाचरत म्हणाला. "त्यानं म्हणे..."

"तुम्ही वजनकाट्यावर असता ना? मग वजनातच सांगते. काल हिला वाचवायला जी गोळी द्यावी लागली ती ४० मिलिग्रॅमची. रोजच्या पंपातला एक फवारा २०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे अशा दोनशे फवाऱ्यांत त्या एका गोळीएवढं वजन भरतं. औषधं निराळी आहेत, वजनाला वजन लावून चालत नाही, पण पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं म्हणून इतकं थोडं पुरतं. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येतं. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नाही."

सासूबाईंचा पुढचा प्रश्न तयारच होता. "उद्या दिवस राहिले तर?"

"तरीही दोन्ही पंप चालू ठेवायचे. पोटातल्या बाळाला पंपापेक्षा आईचा कोंडलेला श्वास जास्त बाधतो. मला लगेच येऊन सांगायचं, एवढंच."

मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात पंप दिला, "घेऊन दाखव," म्हणाल्या. तिनं न्हाणीघरातल्या सवयीनं तोंडात धरून दोनदा दाबला. अर्धा धूर ओठांच्या कडेनं बाहेर. इतकी वर्षं पंप घेणाऱ्या मुलीला कुणी एकदाही शेजारी बसून शिकवलं नव्हतं. पुढची पंधरा मिनिटं तेच चाललं. टोपण काढ, आत काही अडकलंय का बघ. पंप हलव. श्वास पूर्ण बाहेर सोड. ओठ घट्ट मिट. हळू, खोल श्वास घ्यायला लाग आणि घेता घेताच एकदा दाब. दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धर. दुसरा फवारा लागलाच तर निदान अर्धा मिनिट थांब आणि पुन्हा हलव. स्पेसर वापरलास तर हे सगळं सोपं होतं. तो साबणाच्या पाण्यात बुडवून काढ आणि तसाच वाळू दे, फडक्यानं पुसू नकोस. नवीन डबा असेल, किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी फवारे हवेत सोडून बघ. गाडीत उन्हात ठेवू नकोस. काहींना आता आराम आणि सूज या दोन्हींवर चालणारा एकच पंप देतात, पण ते दवाखान्यात ठरतं, दुकानात नाही.

तासगावहून वडील आले ते चोरासारखे. आता बोलणी खावी लागणार, कदाचित मुलगी परत न्यावी लागणार, या तयारीनं. सासूबाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं.

"तुमच्या मुलीला दमा आहे याचा मला राग नाही, दादा. माझ्या घरात कुणाला साखर आहे, कुणाला रक्तदाब आहे. राग याचा आहे, की मला ठाऊक असतं तर मी तिला माळ्यावर चढवली असती का? रोज सकाळी तिच्या नाकाशी धूप फिरवला असता का? माझ्या हातून एक लेकरू जायची वेळ तुम्ही आणलीत."

वडील काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

घरी आल्यावर फार काही बदललं नाही, पण जे बदललं ते टिकलं. माळा नवऱ्यानं झाडला, नाकाला फडकं बांधून. तो अडतीवरून आला की मागच्या दारी कपडे काढून, हातपाय धुऊन मगच आत येतो. सुजेवरचा पंप दात घासायच्या ब्रशाशेजारी असतो म्हणजे विसरत नाही. निळा पंप स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या हाताला येईल अशा कोनाड्यात. त्याच्यावर चिकटपट्टी लावून सासूबाईंनी उघडल्याची तारीख घातली आहे, आणि दर वेळी वापरला की सून कालनिर्णयच्या चौकोनात एक टिंब देते. महिन्याच्या अखेरीला सासूबाई टिंबं मोजतात. पहिल्या महिन्यात अकरा होती, तिसऱ्यात दोन. मध्ये उसाच्या तोडणीनंतर पाचट पेटलं त्या आठवड्यात एकदम सहा झाली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या डब्याची वाट पाहिली नाही, सुनेला घेऊन थेट दवाखाना गाठला.

तुमच्या घरात दम्याचं कुणी असेल तर त्याचा निळा पंप आज मागून घ्या. त्यावर तारीख घाला, तो कधी उघडला होता ते विचारा, आणि चार महिन्यांच्या आत संपत असेल तर नवीन आणायच्या आधी डॉक्टरांकडे जा. आणि मुलीचं लग्न ठरवत असाल तर दमा आहे हे बैठकीतच सांगा. त्यावरून स्थळ मोडलं तर मोडू द्या.