मॅटखालची ओल

मंडईमागे, शुक्रवार पेठ, पुणे

चि. मनूस,


काल तुझी आई भाजीला मंडईत आली होती, तशीच वर चहाला आली. बोलता बोलता म्हणाली, मनूच्या गाडीत पाणी शिरलंय, पाय ठेवला की पचपच वाजतं, पण ती म्हणते ऊन पडलं की वाळेल. ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही बघ. फोनवर तू "हो मामा, बघते" म्हणशील आणि मीटिंगला पळशील, म्हणून लिहायला बसलो.

वाळेल ती मॅट, बाळा. मॅटखाली कारपेट आहे, कारपेटखाली फोम किंवा नमद्याचा जाड थर, आणि त्याच्याखाली किंवा त्याच्या कडेनं गाडीभर फिरलेलं वायरिंग. वरचं कारपेट कोरडं लागतं तेव्हाही खालचा थर महिना-महिना ओला असतो. काच आतून सारखी धुरकट होत असेल तर समज, पाणी अजून गाडीतच आहे.

आधी ते आलं कुठून ते शोध. नुसतं डावीकडे पुढच्या पायापाशी ओलं असेल, पाणी स्वच्छ असेल आणि त्याला वास नसेल, तर तो पाऊस नसेलही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत एसीचं पाणी डाव्या बाजूनं एका रबरी नळीतून खाली रस्त्यावर पडतं. ती नळी तुंबली की पाणी आत उतरतं. तुझ्या गाडीला सनरूफ आहे म्हणे. (छताला भोक पाडून घ्यायचं आणि वर त्याचे जास्तीचे पैसे द्यायचे, हे मला अजून कळलेलं नाही.) त्या सनरूफच्या कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, त्या खांबांच्या आतून खाली येतात. तू गाडी गुलमोहराखाली लावतेस, आणि त्याची पानं म्हणजे नुसता चुरा. तो नळीत बसतो, वायपरखालच्या जाळीतही बसतो. प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओतून बघ, चाकापाशी ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर गॅरेजवाल्याला सांग. कोणी जोरात हवा मारतो म्हणाला तर मारू देऊ नकोस, आतला जोड सुटतो आणि मग पाणी थेट डॅशबोर्डमागे जातं.

हे सगळं का सांगतोय? २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुला आठवत असेल, तू तेव्हा पुण्यातच होतीस. आंबील ओढा असा फुगला की अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर भागात गाड्या एकमेकींवर चढल्या. माणसं गेली, तिथं गाडीचं काय एवढं! पण माझं वायरिंगचं दुकान तेव्हा चालू होतं, आणि पुढं कितीतरी दिवस त्याच गाड्या येत राहिल्या. एका गृहस्थांच्या गाडीत पाणी सीटच्या खालीच थांबलं होतं. त्यांनी ती धुतली, दारं सताड उघडी टाकून उन्हात ठेवली, आत सेंट मारला. दिवाळीपर्यंत काही नाही. संक्रांतीच्या सुमारास दारांची कुलपं आपोआप उघडायला लागली, एअरबॅगचा दिवा लागला तो विझेचना. मी सीट काढली, कारपेट उलटं केलं. फोम अजून ओलसर, त्याला कुबट वास. सीटखालचा कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवी भुकटी, आणि एक पिन चिमट्यानं धरताच तुटून हातात आली. पाणी केव्हाच ओसरलं होतं, पण ओल आपलं काम करत राहिली होती.

अँबॅसिडर-फियाटच्या काळी एवढं भ्यायला नको होतं. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढायची, फडक्यानं पुसायची, प्लग वाळवायचे, निघायचं. रबरी मॅट उचलली की खाली पत्रा दिसायचा. आता काचेपासून ब्रेकपर्यंत सगळ्याला कंट्रोलर, आणि काही गाड्यांत त्यातले एक-दोन सीटखाली किंवा पायापाशीच बसवलेले, म्हणजे पाणी पहिलं जिथं साठतं तिथंच.

तेव्हा आता असं कर. गाडी वापरू नकोस. दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचा निगेटिव्ह काढ. मग चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन बोलाव, सीट काढून कारपेट उचलायला सांग. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे. बॅटरी काढून दहा-पंधरा मिनिटं झाल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, तूही नाही आणि त्यानंही नाही. फोमचं पाणी व्हॅक्यूमनं ओढायचं, मग पंखा लावून वाळवायचं. पाणी गटाराचं असेल तर फोम सरळ टाकून दे, जीव लावू नकोस. कनेक्टर एकेक उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा. तो म्हणेल, ताई, हीटर लावून दोन दिवस फिरवा, सुकेल. त्याचं ऐकू नकोस.

आणि कधी पार्किंगच बुडालं, तर कितीही घाई असू दे, सेल्फ मारायचा नाही. पुश बटणालाही हात नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉडच वाकतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत गाड्या बुडाल्या, तेव्हा मी ओळखीपाळखीत सगळ्यांना फोन करून हेच सांगत होतो. फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं, सर्व्हेअरनं बघेपर्यंत काही उघडायचं नाही, आणि गाडी न्यायची ती ट्रकवर चढवून. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत पुराचा पैसाही मिळत नाही. पूर्ण पॉलिसीतही सेल्फ मारून इंजिन बसलं तर कंपन्या हात वर करतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. तुझी पॉलिसी काढून बघ, आजच.

अजून एक शंका मनात आहे. गाडी तू जुनी घेतलीस, तीही बंगळूरला. तिथं २०२२ च्या पावसात तळघरातल्या गाड्या बुडाल्या होत्या, आणि अशा गाड्या पुसून-पासून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, टोकाकडे चिखलाची रेघ आहे का. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघ, सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का बघ. काही सापडलं तर घाबरू नकोस, मला फोटो पाठव.

इकडे सगळं ठीक. कोथिंबिरीच्या जुडीला हात लावायची सोय नाही. मेट्रो झाल्यापासून मंडईत यायला गाडीच लागत नाही, तरी आर्यनच्या पार्किंगपाशी रांग असतेच. त्या जागी १९१५ पासून आर्यन थिएटर होतं, ते १९८३ मध्ये पाडलं. तिथं पाहिलेल्या सिनेमांच्या गोष्टी तुझी आई अजून सांगते. मामीनं लसणाची चटणी करून ठेवलीय, कोणी येणारं असेल तर कळव. गणपतीला येशील तेव्हा गाडी आणू नकोस, शारदा-गणपतीच्या गर्दीत ती ठेवणार कुठं?

निगेटिव्ह काढलास की आईला फोन कर. मला नको, मी पुन्हा तासभर बोलत बसेन.

तुझा,
मामा