ग्राफिक्स कार्ड आणि इच्छापरिमाण

माझं इचलकरंजीत कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी जैन श्रावक आहे. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणी विचारलं की मी ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवतो. गेमिंगसाठी कार्ड घ्यायला येणाऱ्या पोरांच्या खिशात पैसे मोजके असतात आणि मनात इच्छा अमाप असते. ती इच्छा आणखी एक पायरी वर चढवायला सगळा बाजार टपलेला असतो. गृहस्थाच्या पाचव्या अणुव्रताचा विषय नेमका हाच आहे.

मुनींचा अपरिग्रह पूर्ण असतो. गृहस्थाला घर, शेत, सोनं, धान्य, जनावरं ठेवायची मोकळीक आहे. मात्र किती ठेवायचं हे त्याने आधी ठरवायचं आणि त्यापलीकडच्या गोष्टींविषयी निःस्पृह राहायचं. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त या व्रताला परिमित परिग्रह म्हटलंय आणि इच्छापरिमाण हे त्याचं दुसरं नावही दिलंय. घरातल्या वस्तू कुणीही मोजेल. इच्छेला माप लावायचं कसं, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या स्वाध्यायात हा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठांनी हरकत घेतली होती. ज्याचा बाप सुताच्या सायझिंग कारखान्यात राबतो, त्या पोराला परिमाण कसलं सांगायचं? त्याची मर्यादा परिस्थितीने आधीच आखलेली आहे. व्रत तर स्वतःहून घ्यायचं असतं. नाइलाजाने पाळलेल्या मर्यादेला पुण्य कसलं? हरकत रास्त होती. उलट बाजूनेही हाच घोटाळा होतो. ऐपत असलेला माणूस परिमाण एवढं मोठं ठेवतो की जन्मभर ते त्याच्या आड येत नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूवर जडलेली आसक्ती, हाच परिग्रह असं उमास्वातींनी सांगितलंय. त्या कसोटीवर रिकाम्या हाताचा माणूस आपोआप अपरिग्रही ठरत नाही आणि भरल्या घरातला माणूस आपोआप परिग्रही ठरत नाही. गरिबाला संतोषाचं प्रवचन देणं तर मला अन्यायच वाटतो. त्याच्या पैशाचं जास्तीत जास्त चीज करून देणं हे दुकानदार म्हणून माझं काम आहे.

तरीही माझं म्हणणं असं की खिशातली रक्कम हे परिमाण नव्हे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचीच गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

2024 च्या दिवाळीआधी डिप्लोमाला असलेला एक मुलगा आला. “काका, 25 हजारांत काय बसतंय?” म्हणाला. लगेच स्वतःच उत्तर दिलं, “आरटीएक्स 4060 घेऊया. वरच्या चार-पाच हजारांचा हप्ता पाडता येतोय.” मी त्याला आधी मशीन घेऊन यायला सांगितलं. कॅबिनेट उघडल्यावर दहाव्या पिढीचा आय-3 प्रोसेसर दिसला. आठ जीबी रॅमची एकच पट्टी होती. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, लोकल होता. त्याच्या लेबलवर मोठ्या अक्षरात 450 वॅट छापलेलं होतं, पण खाली बारीक अक्षरातल्या तक्त्यात 12 व्होल्टच्या लाइनचे अँपिअर वाचून गुणाकार केला तर निम्मेही वॅट भरेनात. कार्डाला लागणारा आठ पिनचा कनेक्टर तर नव्हताच. घरचा मॉनिटर 1080पी, 60 हर्ट्‌झचा.

मग मी त्याच्यासमोर हिशेब मांडला. मॉनिटर सेकंदाला 60 चित्रंच दाखवतो. कार्डाने 130 चित्रं तयार केली तरी पडदा त्याचा वेग सोडत नाही. 1080पीच्या पडद्यावर साधारण 20 लाख 70 हजार पिक्सेल असतात आणि फोर-केच्या पडद्यावर 83 लाखांच्या आसपास, म्हणजे चौपट. व्हिडिओत दाखवतात ती महागडी कार्डं या चौपट कामासाठी बनलेली असतात आणि त्याच्या टेबलावर ते काम नव्हतंच. एएमडीचं आरएक्स 6600 तेव्हा आमच्याकडे 20 हजारांच्या आसपास मिळत होतं. आठ जीबी मेमरी, 132 वॅट वीज आणि 1080पीला पुरून उरेल एवढी ताकद. उरलेल्या पैशात चांगल्या कंपनीचा एसएमपीएस आणि रॅमची दुसरी पट्टी बसत होती. 4060 ला वीज कमीच, 115 वॅट लागते आणि कार्डही सरस आहे, हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. पण तेच कार्ड जुन्या एसएमपीएसवर आणि एका रॅमपट्टीवर चालवायचं म्हणजे सगळे पैसे एका ठिकाणी ओतून बाकीचं मशीन उपाशी ठेवायचं.

त्याच्या डोक्यात ‘अल्ट्रा’ घट्ट बसलं होतं. सगळी सेटिंग्ज अल्ट्रावर चालली पाहिजेत, नाहीतर कार्ड कमी पडलं. दुकानातल्या मशीनवर मी ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ लावला आणि घोडा एका झाडाखाली उभा केला. एकदा सगळं अल्ट्रावर, एकदा हायवर. कुठलं कुठलं ते न सांगता त्याला ओळखायला लावलं. तो पडद्याला नाक लावून बराच वेळ झाडाच्या सावलीच्या कडा निरखत होता. शेवटी त्याने जे अल्ट्रा म्हणून दाखवलं ते हाय होतं. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा मात्र दोन्ही वेळा खूप वेगळा होता. त्या फरकासाठी त्याने हप्ते भरले असते.

परिमाण सापडतं ते इथे. 25 हजारांचा आकडा त्याला फक्त अडवत होता, म्हणून हप्त्याची पळवाट सुचत होती. पुढच्या वर्षी पगार सुरू झाला की तोच आकडा 40 हजार झाला असता आणि तोही अपुराच वाटला असता. मॉनिटर कोणता, खेळ कोणते, रोज किती वेळ, यावरून निघालेली मर्यादा मात्र पैसे वाढले तरी जागची हलत नाही. परिस्थितीने घातलेली मर्यादा आपली करून घ्यायचा हा एक मार्ग आहे, असं मी त्या ज्येष्ठांना नंतर सांगितलं. गरज स्वतः मोजली की ती मर्यादा लादलेली राहत नाही. त्यांचं समाधान झालं की नाही माहीत नाही. माझं झालं.

समंतभद्रांनी परिमित परिग्रहाच्या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितलेत. त्यांतला एक विस्मय. दुसऱ्याची संपत्ती पाहून अचंबित होत राहणं, असा त्याचा अर्थ आम्हाला शिकवला गेला. मी मुलांना सांगतो की कार्ड घेताना सगळ्यात मोठा धोका हाच. रात्ररात्र दुसऱ्यांची मशीनं, दुसऱ्यांचे बेंचमार्क पाहायचे आणि आपल्याकडचं चालतं मशीन सकाळी भंगार वाटायचं. प्रत्यक्षात स्टीम या गेमविक्रीच्या प्लॅटफॉर्मच्या पाहणीत एनव्हिडियाचं जीटीएक्स 1060 हे 2016 सालचं मध्यम कार्ड कित्येक वर्षं, 2022 च्या उत्तरार्धापर्यंत, सर्वाधिक वापरातलं होतं. आजही निम्म्याहून अधिक खेळाडू 1080पीवर खेळतात. जग मध्यम कार्डांवरच खेळतंय.

मग खेळणं हाच अनर्थदंड, म्हणजे निष्प्रयोजन कृती नव्हे का, असं आमच्यातले काही विचारतात. दिवसभर वर्कशॉप करून आलेल्या मुलाने तासभर खेळावं यात मला निष्प्रयोजन काही दिसत नाही. पडद्यावरच्या मारधाडीने मनात काय साचतं, हा भावहिंसेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो कार्डाच्या किमतीने सुटत नाही. त्यावर आईबापांनी मुलांशी बोललंच पाहिजे.

जुनं कार्ड घ्यावं का? घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाने कार्डांवरचं मायनिंग बंद करणारी पद्धत स्वीकारली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. मी आधी स्क्रू बघतो, स्क्रूड्रायव्हर लागल्याच्या खुणा आहेत का. बोटाने पंखा फिरवून बेअरिंगची घरघर ऐकतो. थर्मल पॅडमधून तेल पाझरलेलं दिसलं की मागच्या मालकाने ते कसं वापरलं ते कळतं. मग अर्धा तास जड गेम चालवून तापमान पाहतो. विकणारा एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर ते कार्ड सोडून द्यावं.

भोगोपभोगांच्या मर्यादेबाबत समंतभद्रांनी गृहस्थाची मोठी सोय केली आहे. जन्मभराची मर्यादा तो यम, ठरावीक मुदतीची तो नियम. कार्ड ही वारंवार वापरायची वस्तू, म्हणजे उपभोग. तिला नियम पुरतो. त्या मुलाला मी बिलाच्या पाठीवर तारीख लिहायला लावली: चार वर्षं नवं कार्ड बघायचं नाही. त्याने लिहिली आणि 6600 घेऊन गेला.

तुम्हीही कार्ड घ्यायला निघाला असाल तर दुकानात येण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून आणा: मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि हर्ट्‌झ, एसएमपीएसच्या लेबलवरचे 12 व्होल्टचे अँपिअर आणि तुम्ही खरोखर खेळता त्या खेळांची नावं. खाली मुदत लिहा. हप्ता पाडू नका.