भयाचा चेहरा

मुरबाड तालुक्यांतील म्हसा या गांवीं पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांच्या बाजारासाठीं ती दूरवर प्रसिद्ध आहे. आमच्या लहानपणीं, १९८५ च्या सुमारास, या बाजाराच्या कडेला सिनेमाचा तंबू लागे. एका वर्षीं त्या तंबूच्या दाराशीं एका हिंदी भयपटाचें भित्तिपत्रक खळीनें चिकटविलेलें होतें. काळी रात्र, दूर एक ओसाड हवेली, खालच्या कोपऱ्यांत किंचाळणारी तरुणी, रक्त ठिबकावें तशीं तांबडीं अक्षरें. आणि या सर्वांवर पसरलेला, मोकळ्या केसांच्या एका म्हातारीचा अर्धा भाजलेला चेहरा! तिकिटापुरते पैसे जवळ नव्हते. चित्रपट पाहावयास मिळाला नाहीं. भित्तिपत्रक मात्र डोळे भरून पाहिलें. त्यानें आमच्या हातून जें घडविलें तें येथें सांगावयाचें आहे. कारण त्यांत एक नैतिक प्रश्न गुंतलेला आहे, असें आम्हांला वाटतें.

भयपटाच्या भित्तिपत्रकाची एक ठराविक भाषा असते. वाटसरूची नजर त्यावर दोन-चार क्षणच ठरते, आणि पुष्कळांना वाचतां येत नसतें. म्हणून जें सांगावयाचें तें रंगानें व आकारानेंच सांगावें लागतें. सूर्याचा व चंद्राचा प्रकाश नेहमीं वरून येतो. यासाठीं चेहऱ्यावर खालून उजेड टाकला कीं ओळखीचें माणूसहि परकें दिसूं लागतें. भिवविणारें तें मोठें काढावयाचें, भ्यालेलें तें लहान. रामसे बंधूंच्या 'दो गज जमीन के नीचे' (१९७२), 'पुराना मंदिर' (१९८४) यांसारख्या चित्रपटांच्या काळांत ही भाषा लहान गांवांतल्या मुलांनाहि सहज वाचतां येऊं लागली. तिच्यांत स्वभावतः निंद्य असें कांहीं नाहीं. आमच्या आजीनेंहि भुताच्या गोष्टी सांगून आम्हांला यथेच्छ भिवविलें, आणि त्याबद्दल आम्ही तिचे ऋणीच आहों.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, तंबूंत शिरणारा स्वखुषीनें भीति विकत घेतो. रस्त्यानें जाणाऱ्या मुलानें तिची मागणी केलेली नसते. केवळ प्रौढांसाठीं म्हणून दिलेलें प्रमाणपत्र मुलाला दाराशीं अडवितें. दाराबाहेरचा कागद सर्वांनाच मोकळा. हा आक्षेप खरा आहे, पण आमच्या मतें तो दुय्यम आहे. भीति ओसरते. आम्हीहि दोन रात्री आईच्या कुशींत झोंपलों आणि तिसऱ्या रात्रीं भीति विसरलों. चेहरा मात्र विसरलों नाहीं.

आमच्या गांवाच्या टोंकाला एक म्हातारी एकटी राहत असे. चुलीच्या जाळानें तिचा एक गाल पूर्वींच भाजलेला होता. उन्हाळ्यांत ती पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदें घालून विकी, आणि आम्हां मुलांना मूठभर वर टाकी. तिचा गाल आम्हीं जन्मापासून पाहिलेला. त्याचें आम्हांला कधीं कांहींच वाटलें नव्हतें. यात्रेहून परतल्यावर आम्हांला तो प्रथमच दिसला. आम्हीं तिचें नांव 'तंबूवाली' ठेविलें. ती दिसली कीं आम्ही ओरडत पळूं. गांवानें तिला छळलें नाहीं, कोणी तिच्यावर हात टाकला नाहीं. एवढेंच झालें कीं, आम्हांला पाहतांच ती भाजल्या गालावर पदर ओढूं लागली.

लोककथांतील भुतांच्या खुणा या दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत. हडळीचीं पावलें उलटीं असतात. भुताला सांवली नसते. या खुणा अशा आहेत कीं, त्या कोणाहि जिवंत माणसाच्या अंगीं सांपडावयाच्या नाहींत. परंतु यावरून जुना समाज निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. एकट्या, म्हाताऱ्या, कुरूप बाईला चेटकीण ठरविण्याची दुष्ट चाल भित्तिपत्रकांहून कितीतरी जुनी आहे. आणि अमुक व्यक्ति करणी वा जादूटोणा करते असें पसरवून तिचें जगणें कठीण करणें, याविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ सालीं कायदा करावा लागला. भित्तिपत्रकानें हा संशय निर्माण केला नाहीं. त्यानें त्या संशयाचें चित्र छापून वांटलें.

तसें करणें कलेला अपरिहार्य होतें काय? 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) या चित्रपटाच्या गाजलेल्या भित्तिपत्रकावर, रात्रीं एका घरासमोर दिव्याखालीं उभा असलेला एक मनुष्य आणि वरच्या खिडकींतून येणारा उजेड, एवढेंच आहे. 'रोझमेरीज बेबी' (१९६८) च्या भित्तिपत्रकावर खडकाळ उंचवट्यावर एक बाबागाडी आहे. दोहोंतहि भय आहे. पण तें कोणा भाजलेल्या, लंगड्या वा म्हाताऱ्या माणसाच्या माथीं मारलेलें नाहीं. तेव्हां भिववावें कीं नाहीं हा खरा प्रश्न नव्हे. भयाला चेहरा देतांना तो कोणाचा दिला, हा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर देण्याची जबाबदारी चित्रकाराला टाळतां यावयाची नाहीं.

तंबू आतां विरळ झाले. आमच्या वर्गांत शहापूर-मुरबाडकडून येणारीं मुलें तींच तांबडीं अक्षरें आणि तोच खालून उजळलेला चेहरा मोबाइलवर पाहतात व हंसतात. त्यांच्या हंसण्यांत आम्हांला सामील होतां येत नाहीं. त्या उन्हाळ्यांत म्हातारी नेहमींप्रमाणें द्रोण मांडून बसली होती. आम्हीं करवंदें दुसरीकडून घेतलीं.