श्रद्धा आणि अभय



देवाच्या दारी येणारा प्रत्येक जण काही ना काही मागणे घेऊन येतो. कोणाला आजाराची काळजी असते, कोणाला कर्जाची, तर कोणाला परगावी असलेल्या मुलाबाळांची. या मागण्यांच्या मुळाशी बहुधा भय असते. श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना करताना भगवंतांनी पहिले स्थान अभयाला दिले आहे. परंतु अभय म्हणजे नेमके काय? भक्तावर संकटच येणार नाही, अशी ती हमी आहे काय?

या प्रश्नाचा विचार करताना पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्याचे स्मरण होते. या गावी दोन थोर विठ्ठलभक्तांचे वास्तव्य होते.

बहामनी राजवटीत दामाजीपंत तेथे सरकारी अधिकारी होते. भीषण दुष्काळात लोक अन्नान्न करीत मरू लागले, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचे फर्मान काढले. पुढे साक्षात पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याची रक्कम भरली, ही कथा सर्वश्रुत आहे. ही कथा आपण शेवट ठाऊक असताना ऐकतो; दामाजीपंतांना मात्र तो ठाऊक नव्हता. कोठाराचे कुलूप काढताना त्यांच्यासमोर एकीकडे भुकेली माणसे होती आणि दुसरीकडे राजदंड. देव सोडवील अशी खात्री करून घेऊन त्यांनी दान केले नाही. जे योग्य ते त्यांनी आधी केले आणि परिणाम देवावर सोपविला.

दुसरे भक्त संत चोखामेळा. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून चोखोबांचा अंत झाला. त्यांच्यासाठी कोणी धावून आले नाही. मग त्यांची भक्ती उणी होती, असे कोण म्हणेल? संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या व महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. हयातीत ज्यांना मंदिरात प्रवेश नव्हता, त्यांच्या समाधीपुढे आज वारकरी नतमस्तक होतात.

एक भक्त वाचला, एक गेला. दोघांची श्रद्धा मात्र सारखीच अढळ. म्हणून श्रद्धेचे मोल संकट टळले की नाही यावरून ठरवू नये.

कोरोनाच्या महामारीत हे आपण सर्वांनी अनुभवले. मार्च २०२० मध्ये मंदिरांची दारे दर्शनासाठी बंद झाली. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी आषाढीची पायी वारी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस.टी. बसने पंढरपुरी नेण्यात आल्या. लाखो वारकऱ्यांनी घरीच राहून नामस्मरण केले. आपल्यामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येऊ नये, म्हणून घरी थांबणे हीदेखील भक्तीच होती. रुग्णालयांतील डॉक्टर, परिचारिका, सफाई कर्मचारी आणि अनोळखी मृतांना अग्नी देणारे हात यांनाही भीती वाटतच होती. तरी ते कामावर हजर राहिले. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा अनेक दिंड्यांत नेहमीची काही माणसे नव्हती. ज्यांनी आप्त गमावले, त्यांच्या मनात 'आमची भक्ती कमी पडली काय?' असा प्रश्न आला असेल. त्यांनी चोखोबांच्या समाधीकडे पाहावे. मृत्यू ही अभक्तीची शिक्षा नव्हे.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे हातपाय गळाले, तेव्हा भगवंतांनी युद्ध टाळून दिले नाही. अर्जुनाला उभे केले. देवावरील श्रद्धा आपल्यासाठी हेच करते. औषधाची जागा ती घेत नाही, प्रयत्नांची उणीव ती भरून काढीत नाही; पण भीतीने पाऊल अडले असता ते पुढे टाकण्याचे बळ देते. भय वाटणे हा दोष नाही. भयापोटी कर्तव्य सोडणे, शेजाऱ्याला दार बंद करणे, यातून मात्र श्रद्धेने आपल्याला वाचवावे.

दर्शन घेताना आपले मागणे अवश्य मागावे. त्यासोबत आणखी एक मागणे मागावे: 'देवा, संकट टळो वा न टळो, योग्य ते करण्याचे धैर्य दे.' असे धैर्य सर्व भाविकांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.